घरच्या पार्टांचा ट्रॅक्टर

मित्रांनो, मी एक जुना ट्रॅक्टर आहे. शेतात नांगर ओढणारा धिप्पाड नव्हे. बागेतला, पोटाखालच्या पात्यांनी गवत कापणारा आणि मागे छोटी ट्रॉली ओढणारा बुटका ट्रॅक्टर. "आहे" असं सवयीने म्हणालो. सध्या माझं इंजिन उघडं पडलं आहे, पुढचा आस विटांवर टेकवलेला आहे आणि माझ्या अंगाचे तुकडे पत्र्याच्या एका घमेल्यात पडले आहेत. अशाला "आहे" म्हणायचं की "होता" म्हणायचं, ते तुम्ही ठरवा. मला राग आला आहे आणि तो मी लपवणार नाही. ज्यांनी मला हाताने जगवलं, त्यांनीच मला हाताने मारलं. मग मी गोड गोड कशाला बोलू?

माझा जन्म एका मोठ्या कारखान्यात झाला. तिथे मी काही एकटा नव्हतो. माझ्यासारखे कितीतरी लाल ट्रॅक्टर ओळीने उभे असत. माझा रंग ओला असतानाच एका रंगाऱ्याने बॉनेटवर चुकून अंगठा टेकवला. त्याने इकडेतिकडे बघितलं आणि गुपचूप पुढच्या ट्रॅक्टरकडे सरकला. माझ्या अंगावरची पहिली खूण तीच.

मला विकत घेतलं ते एका रोपवाटिकेच्या मालकाने. घरात त्यांना थोरले म्हणत. मला बघायला शेजारीपाजारी जमले तेव्हा एकाने विचारलं, "हा ट्रॅक्टर आहे की ट्रॅक्टरचं पिल्लू?" थोरले हसले आणि म्हणाले, "पिल्लू म्हणा, पण कामाला वाघ आहे." मी वाघासारखाच राबलो. माती वाहिली, खत वाहिलं, कुंड्यांचे ढीग इकडून तिकडे नेले. रोपांच्या ओळींमधलं गवत कापायचं काम माझंच. थोरल्यांची बायको, म्हणजे वहिनी, मला चालवायला शिकल्या आणि पुढे तर त्यांच्याशिवाय दुसरं कुणी माझ्या सीटवर बसेना. त्यांना सगळेच वहिनी म्हणत, रोपं घ्यायला आलेली गिऱ्हाइकंसुद्धा.

मग थोरले आजारी पडले आणि गेले. एवढी मोठी रोपवाटिका वहिनींच्या गळ्यात पडली. तेव्हा त्यांचा धाकटा दीर मदतीला धावून आला. हेच ते भाऊजी. भाऊजींचं बाजारात कुलूप-किल्लीचं दुकान होतं. आधी ते सकाळी रोपांना पाणी घालून दुकानात जात. नंतर दुपारीही येऊ लागले. शेवटी एके दिवशी त्यांनी आपल्याच दुकानाला कुलूप घातलं, हत्यारांची पेटी उचलली आणि माझ्या शेडमध्ये आणून ठेवली. वहिनींच्या डोळ्यांत पाणी आलं. भाऊजी म्हणाले, "रडता काय वहिनी? किल्ल्या हरवणारे लोक घरी शोधत येतील मला."

त्याच सुमारास माझी पुली फुटली. पुली म्हणजे पट्टा फिरवणारं चाक. ते नसेल तर इंजिन नुसतं ओरडतं आणि पाती जागची हलत नाहीत. भाऊजी तुकडे घेऊन सुट्या पार्टांच्या दुकानात गेले. दुकानदाराने नंबर बघितला आणि हात झटकले. माझा कारखाना केव्हाच बंद पडला होता. मी इथे राबत होतो आणि तिकडे माझं माहेर बुडालं होतं, मला पत्ताच नाही!

"मग देऊन टाकू भंगारात," वहिनी म्हणाल्या. त्यांचं बोलणं नेहमीच असं तोडून टाकणारं. "उगाच जागा अडवून बसलाय."

"वहिनी, दादाचा ट्रॅक्टर आहे," भाऊजी म्हणाले. "थांबा, मी बघतो काय जमतं ते."

त्यांनी स्वयंपाकघरातल्या जुन्या टेबलाचा एक पाय कापला. कठीण, जाड लाकूड होतं. ते घासून घासून गोल केलं, त्याला पट्ट्यासाठी खाच पाडली आणि तेलात उकळून काढलं, म्हणजे ते झिजू नये. वहिनी टेबलाकडे बघतच राहिल्या.

"अहो, तीन पायांवर टेबल उभं राहतं का कधी?"

"भिंतीला टेकवू ना."

"तुम्हालाच टेकवते भिंतीला," वहिनी म्हणाल्या. पण दुसऱ्या दिवशी मला चालू करून ओळीच्या टोकापर्यंत जाऊन आल्या, तेव्हा त्यांनी भाऊजींना दोन कप चहा दिला. एक भाऊजींचा आणि एक, म्हणाल्या, टेबलाच्या पायाचा.

तिथून जे सुरू झालं ते थांबलंच नाही. माझ्या वेगाची तार तुटली, तिथे सायकलच्या ब्रेकची तार आली. सीट फाटली, तिथे पाठ मोडलेली खुर्ची आली. हवेची जाळी गंजली, तेव्हा वहिनी अख्खा दिवस चहाची गाळणी शोधत होत्या. "शोधू नका," भाऊजी म्हणाले, "तिला आता बढती मिळाली आहे." हवा आणि पेट्रोल मिसळणारा कार्बोरेटर इंजिनाला जिथे जोडतात तिथलं पॅकिंग त्यांनी बुटांच्या खोक्याच्या पुठ्ठ्यातून काढलं. पुठ्ठा जागेवर धरायचा आणि गोल हातोडीने कडेकडेने हळूहळू ठोकायचं. कडेवर तो आपोआप कापला जातो. पुढे दुसऱ्या मशीनवरून आणलेल्या कार्बोरेटरची भोकं माझ्या इंजिनाच्या भोकांशी जुळेनात, तेव्हा भाऊजींनी दोन्हीकडची भोकं थोडी तिरकी आणि मोठी करून घेतली.

भाऊजींची एक खोड मात्र सांगायलाच हवी, कारण पुढे माझा घात तिनेच केला. ते हाडाचे कुलूपवाले. एका कुलपाची किल्ली दुसऱ्याला लागली तर कुलूपवाल्याने धंदा सोडावा, असं ते म्हणत. म्हणून ते पट्टी लावून, मोजून कधीच काही करत नसत. नवा तुकडा मेणबत्तीवर धरायचा, काजळीने काळा करायचा, माझ्यात बसवायचा, बाहेर काढायचा आणि जिथे काजळी पुसली गेली असेल तिथे कानस मारायची. पुन्हा काळा, पुन्हा आत, पुन्हा कानस. माझ्या पुढच्या चाकाचा बुश त्यांनी असाच केला. बुश म्हणजे आस ज्यात फिरतो ती नळी. ती त्यांनी जुन्या पितळी नळाच्या तोटीतून काढली. माझा आस झिजून बारीक झाला होता, तर बुशाचं भोकही त्यांनी तेवढंच बारीक ठेवलं. असा चपखल बसला तो बुश की चाक आवाज न करता फिरू लागलं. जगात तो फक्त मलाच बसणार होता. मला तेव्हा केवढं भूषण वाटलं होतं त्याचं!

पण शहाण्याचाही कधी पोपट होतो. माझ्या पेट्रोलच्या टाकीचं झाकण हरवलं, तेव्हा भाऊजींनी जॅमच्या बरणीचं झाकण घेतलं आणि त्याला आतून रबर लावून इतकं घट्ट बसवलं की थेंब बाहेर येईना. त्या दिवसापासून मी थोडं अंतर चाललो की बंद पडू लागलो. भाऊजींनी प्लग काढला, तार बदलली, कार्बोरेटर धुतला. मला उघडं करून ठेवलं अगदी. मी पुन्हा चालू व्हायचो आणि पुन्हा वाटेत गचकायचो. एकदा असाच अडकलो असताना वहिनींनी पेट्रोल तरी आहे का ते बघायला झाकण उघडलं. आत हवा शिरल्याचा आवाज झाला आणि मी दोरीच्या पहिल्याच ओढीला सुरू झालो. वहिनींनी झाकण लावलं, मी थोड्या वेळाने मेलो. उघडलं, जगलो. हवा आत जायलाच वाट नव्हती, तर पेट्रोल खाली येणार कसं?

"भाऊजी," वहिनी ओरडल्या, "अहो जन्मभर कुलपांना भोकं ठेवलीत, मग या झाकणाला ठेवायला काय झालं होतं?"

भाऊजी असे लाजले की कानाच्या पाळ्या लाल झाल्या. मग दोघं हसत सुटली. मित्रांनो, ते दिवस फार चांगले होते. रोपं घ्यायला कुणीही आलं की भाऊजी त्यांना आधी शेडमध्ये आणत. "ही गाळणी बघा. हा टेबलाचा पाय. आणि हा बुश, ओळखा बरं कशाचा?" लोक बोटं तोंडात घालत. भाऊजी माझ्या बॉनेटवर थाप मारत. मला वाटायचं, कारखान्याने मला नुसतं जन्माला घातलं. माझे खरे आईबाप हे दोघं.

मग वहिनींनी जवळच्या एका मोठ्या वसाहतीच्या हिरवळीचं काम घेतलं. घरांच्या रांगा, मधोमध भलंमोठं मैदान, कडेला बाकं. हे काम कायमचं मिळालं असतं तर रोपवाटिकेला वर्षभराचा आधार झाला असता. आम्ही तिघं गेलो. वहिनी सीटवर आणि भाऊजी बाजूने चालत. वसाहतीचे व्यवस्थापक फाटकातच उभे होते. त्यांनी माझी गाळणी बघितली, खुर्ची बघितली, जॅमचं झाकण बघितलं.

"हे काय आणलंत?" ते म्हणाले. "ट्रॅक्टर आहे की भंगाराचं प्रदर्शन?"

बाकांवरची माणसं हसली. कुणीतरी मोबाइलवर माझा फोटो काढला. भाऊजी नेहमीसारखे पुढे झाले आणि म्हणाले, "साहेब, हा बुश ओळखा बरं कशाचा?" त्यावर तर हशाच पिकला. व्यवस्थापक म्हणाले, "काका, जुगाड घरी करा. इथे मशीन आणा. पुढच्या खेपेला नीट मशीन दिसली तर काम तुमचं, नाहीतर राहू द्या."

मी त्या दिवशी सगळं मैदान कापलं. एकदाही अडलो नाही. एक पट्टा वाकडा गेला नाही की एक कोपरा राहिला नाही. ते कुणी बघितलंच नाही. परतताना वहिनी व्यवस्थापकांना शिव्या घालत होत्या आणि भाऊजी माझ्यापासून चार पावलं मागून चालत होते. शेडमध्ये आल्यावर त्यांनी थाप मारली नाही. दमले असतील, असं मी स्वतःला समजावलं.

काही दिवसांनी एक टेम्पो आला आणि त्यातून चक्क दुसरा मी उतरला! त्याच कारखान्याचा, त्याच मापाचा, तसाच लाल. फरक एवढाच की त्याचा रंग शाबूत होता, सीट कोरी होती आणि अंगावर ओरखडाही नव्हता. कुणाच्या तरी गॅरेजमध्ये वर्षानुवर्षं झाकून ठेवलेला. पण आतून पोकळ. कार्बोरेटर सडलेला, पुली तडकलेली, पुढचे बुश गायब. त्याला चार माणसांनी ढकलत आत आणलं.

मित्रांनो, माझा आनंद गगनात मावेना. भाऊजींनी माझ्यासाठी माझा जुळा भाऊ शोधून आणला होता! मरतुकडा होता बिचारा, पण बॉनेट बघा, सीट बघा. आता ते सगळं मला लागणार. मग हसा म्हणावं व्यवस्थापकांना! मनातल्या मनात ती कोरी सीट मी लावूनही पाहिली.

त्या संध्याकाळी भाऊजी तेलाची कुपी घेऊन माझ्याजवळ बसले. त्यांनी माझ्या एकेका नटाला तेल सोडलं. इतक्या वर्षांत ज्या बोल्टांकडे कुणी ढुंकून पाहिलं नव्हतं, त्यांच्याही खाचांत तेल सोडलं. किती हळुवारपणे! मला वाटलं, भाऊजींचा रुसवा गेला. मला वाटलं, हे उद्यासाठी मला सजवत आहेत. गंजलेले नट सकाळी सहज सुटावेत म्हणून आदल्या संध्याकाळी तेल सोडतात, हे मला कुठे ठाऊक होतं? माझे सगळे नट एकाच वेळी त्याआधी कुणी सोडलेच नव्हते.

सकाळी भाऊजी पाना घेऊन आले आणि त्यांनी पहिला नट माझा सोडला.

वहिनी धावत आल्या. "भाऊजी, हे काय करताय? पार्ट त्याचे काढायचे ना?"

"त्याच्यात आहे काय काढायला?" भाऊजी म्हणाले. "याचे काढून त्याला लावतो. एकच मॉडेल आहे."

"अहो, हा चालतोय! चालत्याला मोडून मेलेल्याला उभं करायचं, हे कुठलं शहाणपण?"

जन्मभर मला भंगारात घालायला निघालेली बाई माझ्या बाजूने भांडत होती आणि ज्यांच्या भरवशावर मी उभा होतो, ते पान्याला जोर देत होते.

भाऊजी थांबले. मान वर न करता म्हणाले, "वहिनी, मी कंटाळलो आता. गाळण्या आणि झाकणं लावून लावून कंटाळलो. लोक हसतात मला. एकदा तरी खऱ्या मशीनच्या बाजूने चालू द्या की."

खऱ्या मशीनच्या! म्हणजे मी खोटा? टेबलाचा पाय, पितळी बुश, मेणबत्तीची काजळी, ते सगळं काय होतं मग? मला त्यांचं प्रेम वाटलं होतं. त्यांना ती लाज वाटत होती. दिराच्या चेहऱ्याकडे बघून वहिनी हळूच घरात निघून गेल्या.

माझा कार्बोरेटर निघाला, पुली निघाली, दोन्ही चाकांचे बुश निघाले. आणि मग भाऊजींच्या लक्षात आलं की माझं काहीच त्याला बसत नाही. कसं बसेल? त्याचा आस न झिजलेला, जाड. माझा बुश त्यावर चढेना. माझ्या कार्बोरेटरची भोकं तिरकी; त्याच्या इंजिनाची सरळ. भाऊजींनी माझा बुश हातात धरून उलटसुलट बघितला. मला आशा वाटली. मला वाटलं, आता तरी ते परत माझ्याकडे वळतील.

त्यांनी कानस घेतली.

बुशाचं भोक आतून घासून मोठं केलं. कार्बोरेटरची भोकं घासून लांबट केली. लाकडी पुलीचंही भोक पोखरलं. पितळेचा पिवळा भुसा माझ्या चाकाशी पडत होता. मित्रांनो, घासलेला धातू पुन्हा वाढत नाही. हे भाऊजींपेक्षा चांगलं कुणाला माहीत? तरीही ते घासत राहिले.

दुसऱ्या दिवशी तो चकचकीत भाऊ एकदाचा सुरू झाला. खोकला, थरथरला, वहिनींना घेऊन शेडमधून बाहेर पडला. रोपवाटिकेच्या फाटकापर्यंत गेला असेल नसेल, तोच पोखरलेली पुली दोन तुकडे होऊन उडाली आणि मागून इंजिनही घुसमटून बंद पडलं. भाऊजींनी घाईघाईने सगळं काढून परत मला लावायला आणलं. पण आता तो बुश माझ्या बारीक आसावर रिकाम्या डब्यातल्या खड्यासारखा खुळखुळत होता. पुली तर राहिलीच नव्हती. भाऊजी माझ्यापुढे मटकन खाली बसले.

"तेलही गेलं, तूपही गेलं," वहिनी म्हणाल्या, "आणि हाती धुपाटणं आलं." पण त्यात नेहमीची धार नव्हती.

वसाहतीत जायचा दिवस उलटून गेला. मग व्यवस्थापक स्वतःच चौकशीला आले. सरळ शेडमध्ये शिरले. तिथे दोन लाल ट्रॅक्टर पडले होते, एक दिसायला धड आणि एक सगळाच उघडा. मध्ये भाऊजी हातात कानस घेऊन बसलेले.

"काय हो काका, कुठे आहे तुमची मशीन?" व्यवस्थापकांनी विचारलं. त्यांच्या ओठांच्या कोपऱ्यात तेच हसू होतं.

भाऊजींची मान खाली गेली. वहिनींनी ते पाहिलं. दिराच्या हातातली कानस पाहिली, काळी झालेली नखं पाहिली, आणि त्या चटकन पुढे झाल्या. माझ्याकडे बोट दाखवून म्हणाल्या, "काय सांगू साहेब, या जुन्या ट्रॅक्टरने ऐन वेळी दगा दिला बघा."

मी? मी दगा दिला?

मी भाऊजींकडे पाहत राहिलो. म्हटलं, वहिनी तुमची अब्रू झाकायला बोलल्या, ते मला समजतं. पण तुम्ही तर खरं सांगाल. एक शब्द बोला, भाऊजी. "याने नाही," एवढंच म्हणा. भाऊजींनी कानस पेटीत ठेवली, पेटीचं झाकण लावलं आणि म्हणाले, "हो ना. जुनी मशीन. भरवसा नाही राहत."

व्यवस्थापक "तरी मी सांगत होतो" असं म्हणून निघून गेले. रस्त्यावरच्या सगळ्यांना आता हीच गोष्ट माहीत आहे. रोपं घ्यायला येणारे माझ्याकडे बघून च्च च्च करतात आणि जुन्या वस्तूवर विसंबू नये, असं आपल्या मुलांना समजावतात. वहिनी तेवढ्यापुरत्या दुसरीकडे बघतात. भाऊजी शेडमध्ये येतच नाहीत.

मित्रांनो, जुन्या वस्तू जन्मभर सांभाळा असं मी तुम्हाला सांगणार नाही. घरात जागा कमी असते, माणूस दमतो, चार लोक हसले की त्याला लागतं. नवं आणावंसं वाटलं तर जरूर आणा. पण जी वस्तू तुम्ही मोडलीत ती आपण मोडली असं म्हणा. आम्हाला तोंड नसतं म्हणून आमच्यावर काहीही ढकलून मोकळे होऊ नका. राबणाऱ्याला विश्रांती नाही मिळाली तरी चालते, त्याचं नाव मात्र खराब करू नये.

आज ना उद्या भंगारवाला येईल. तो मला उचलायच्या आधी सवयीने विचारेल, "कधीपासून बंद आहे हा?" तुमच्यापैकी कुणी तेव्हा शेडच्या दारात असलात आणि माझी माणसं गप्प राहिली, तर त्याला तुम्ही सांगा. फार नको. एवढंच सांगा, की हा चालत होता.